यंत्र बदलले, हात तोच: कोड एडिटरच्या निवडीचा इतिहास

१/
१९६६ साली केन थॉम्पसन हे तरुण अभियंते कॅलिफोर्नियातील बर्कली सोडून न्यू जर्सीतील बेल लॅब्समध्ये रुजू झाले. जागा नवी, यंत्रे नवी, ऑपरेटिंग सिस्टीमही नवी. बर्कलीत त्यांचा हात ज्या एडिटरवर बसला होता, तो 'क्यूईडी' येथे नव्हता. जे आहे त्यात भागवून घेणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. रुजू झाल्यावर त्यांनी जी पहिली काही कामे हाती घेतली, त्यांतले एक म्हणजे क्यूईडी नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहून काढणे.

२/
विंडोज सोडून लिनक्सवर किंवा मॅकवर गेलेला प्रत्येक प्रोग्रामर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो: आता कोड कशात लिहायचा? हा प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून बहुधा हसण्यावारी नेला जातो. परंतु त्याची जी उत्तरे गेल्या साठ वर्षांत दिली गेली, त्यांतून युनिक्सच्या एका मोठ्या भागाची, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची आणि आजच्या बहुतेक एडिटरांची घडण झाली आहे. हा धागा त्या उत्तरांचा आहे.

(मराठीत 'संपादक' म्हटले की वर्तमानपत्राच्या कचेरीतील गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणून येथे 'एडिटर' हाच शब्द.)

३/
क्यूईडी हा बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी बर्कलीच्या एसडीएस ९४० या यंत्रासाठी लिहिलेला एडिटर. थॉम्पसन यांनी त्याची नवी आवृत्ती लिहिली ती एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीसाठी, आयबीएम ७०९४ यंत्रावर. पण नुसती नक्कल करून ते थांबले नाहीत. गणितात 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाची एक संकल्पना होती. तिचा उपयोग त्यांनी मजकूर शोधण्यासाठी केला. शोधायचा नमुना वापरणाऱ्याने टंकला की एडिटर त्याच क्षणी ७०९४ च्या यंत्रभाषेत एक छोटा प्रोग्राम तयार करी आणि तो चालवून शोध घेई. १९६८ साली त्यांनी ही पद्धत शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केली. आज जगातील जवळजवळ प्रत्येक एडिटरच्या शोधचौकटीत ती या ना त्या रूपात आहे. जुना एडिटर नव्या प्रणालीवर नेण्याच्या खटाटोपातून निघालेले हे पहिले मोठे फळ.

४/
१९६९ मध्ये बेल लॅब्सने मल्टिक्स या महाप्रकल्पातून अंग काढून घेतले. थॉम्पसन यांच्यापुढे पुन्हा तोच प्रसंग: हाताखालची प्रणाली गेली. या वेळी त्यांनी बाजूला पडलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर स्वतःचीच प्रणाली लिहायला घेतली. पत्नी लहान मुलाला घेऊन माहेरी गेलेली असताना मिळालेल्या सवडीची त्यांनी केलेली वाटणी प्रसिद्ध आहे: एकेक आठवडा ऑपरेटिंग सिस्टीम, शेल, एडिटर आणि असेंब्लर या चौघांना. ती प्रणाली पुढे युनिक्स झाली. चार खांबांपैकी एक एडिटर होता, हे विसरू नये. एडिटरवाचून प्रणाली म्हणजे चुलीवाचून स्वयंपाकघर.

५/
त्या एडिटरचे नाव 'एड'. त्या काळी पडदा नव्हता. टेलिटाइपवर कागदाची गुंडाळी असे आणि प्रत्येक अक्षर खडखडाट करीत छापले जाई. त्यामुळे एड अत्यंत मितभाषी. चूक झाली की तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापी. चूक कोणती, ते वापरणाऱ्याने ओळखावे. एका ओळीवर काम करायचे, मग हवी असल्यास ती ओळ छापून पाहायची, आणि उरलेला सगळा मजकूर डोक्यात ठेवायचा, अशी ही रीत. युनिक्सवरची प्रसिद्ध 'ग्रेप' ही आज्ञा एडच्याच पोटातून निघाली: सर्वत्र शोध, नमुना जुळव, ओळ छाप, या एडमधील आज्ञेची अक्षरे ओळीने वाचली की तिचे नाव तयार होते.

६/
कागद जाऊन पडदा आला, तेव्हा लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस यांनी एडला पडद्यावर आणले. त्यांच्या एडिटरचे नाव 'एम', म्हणजे मर्त्य माणसांसाठीचा एडिटर. नावातला टोमणा उघड आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात ते बर्कलीला गेले आणि तेथे बिल जॉय या विद्यार्थ्याने एम पाहिला. त्यातून जॉय यांचा 'एक्स' उभा राहिला, आणि एक्सचे पडदाभर दिसणारे रूप म्हणजे 'व्हीआय'. १९७९ सालच्या दुसऱ्या बर्कली वितरणात तो लोकांच्या हाती पडला.

७/
व्हीआयच्या विचित्र वाटणाऱ्या कळांचे मूळ जॉय यांच्या टेबलावरच्या सामानात आहे. त्यांच्यापुढे एडीएम-३ए हे टर्मिनल होते. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. एस्केपची कळ आज जेथे टॅब असते तेथे, करंगळीजवळ. घरून ते ३०० बॉडच्या मोडेमने काम करीत. म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. टर्मिनलचा पडदा २४ ओळींचा, प्रत्येक ओळीत ८० अक्षरे. संपूर्ण पडदा एकदा नव्याने रंगवायचा तर मिनिटाहून अधिक वेळ! अशा स्थितीत एका अक्षराची आज्ञा ही शैली नव्हती, ती निकड होती. निकड गेली, टर्मिनल गेले. चार कळा मात्र आजतागायत जागच्या जागी आहेत.

८/
याची झळ मराठी लिहिणाऱ्यालाही लागते. इनस्क्रिप्ट कळफलकावर याच चार कळांवर प, र, क आणि त ही अक्षरे आहेत. देवनागरी चालू ठेवून कोणी व्हीआयच्या घराण्यातील एडिटरात कर्सर खाली न्यायला गेला की एडिटरला 'र' मिळतो, आणि 'र' ही आज्ञा त्याला ठाऊक नसते. पुढे या घराण्यात आज्ञा रोमनमध्येच ठेवून मजकूर दुसऱ्या लिपीत टंकण्याची सोय झाली. तरी टर्मिनलाच्या पडद्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटण्याचे दुखणे उरलेच. कोडमधल्या टिपा मराठीत लिहिणाऱ्याने एडिटर निवडताना हे आधी तपासावे लागते; इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

९/
आता दुसरे घराणे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पीडीपी-१० या यंत्रावर 'आयटीएस' ही प्रयोगशाळेच्याच लोकांनी लिहिलेली प्रणाली चाले. तेथे 'टेको' हा एडिटर होता आणि त्यावर प्रत्येकाने रचलेल्या स्वतःच्या आज्ञांचे रान माजले होते. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते रान साफ करून त्याला एक व्यवस्था दिली. तो ईमॅक्स. तो इतका आवडला, की मल्टिक्सवर गेलेल्यांनी तेथे वेगळा ईमॅक्स लिहिला, लिस्प यंत्रांवर गेलेल्यांनी तेथे वेगळा. लिस्प यंत्रावरच्या एडिटरचे नाव 'आइन' होते आणि त्याचा विस्तार होता 'आइन म्हणजे ईमॅक्स नव्हे'. त्याच्या पुढच्या अवताराचे नाव 'त्स्वाय', म्हणजे जर्मनमध्ये दोन.

१०/
मग घर मोडले. १९८२ मध्ये प्रयोगशाळेने नवे पीडीपी-१० घेतले तेव्हा त्यावर आयटीएस न बसवता निर्मात्या कंपनीची बंदिस्त प्रणाली ठेवण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने पीडीपी-१० ची वाट बंद केली. आयटीएस असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. ती दुसऱ्या यंत्रावर उचलून नेता येण्याजोगी नव्हती, आणि तिच्यावर उभा असलेला मूळ ईमॅक्सही नाही. एका संपूर्ण पिढीची सवय यंत्राबरोबर बुडण्याच्या बेताला आली.

११/
सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: सर्वांना मोकळेपणाने वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम. आराखडा मात्र युनिक्सशी जुळता ठेवायचा. कारण व्यवहारी होते: अशी प्रणाली निरनिराळ्या यंत्रांवर नेता येते आणि युनिक्स वापरणाऱ्यांना तिच्यावर येणे सोपे जाते. लोकांनी प्रणाली बदलावी, अशीच ही सगळी मांडणी. आणि खुद्द स्टॉलमन? त्यांनीच लिहून ठेवले आहे, की व्हीआय किंवा एड शिकण्याची त्यांना इच्छा नव्हती. म्हणून युनिक्सवर ईमॅक्स तयार होईपर्यंत ते मजकुराचे काम दुसऱ्याच प्रकारच्या यंत्रांवर करीत. जगाने आपली प्रणाली बदलावी म्हणून झटणारा हा माणूस स्वतःचा एडिटर बदलायला काही तयार नव्हता.

१२/
त्याआधी, १९८१ मध्ये, जेम्स गोसलिंग यांनी युनिक्ससाठी सी भाषेत एक ईमॅक्स लिहिला होता. (पुढे जावा भाषा लिहिणारे तेच हे गोसलिंग.) तो त्यांनी एका कंपनीला विकला. स्टॉलमन यांनी आपल्या ग्नू ईमॅक्सला सप्टेंबर १९८४ मध्ये हात घातला आणि १९८५ च्या सुरुवातीस तो वापरण्याजोगा झाला. आरंभीच्या आवृत्तीत गोसलिंग यांच्या कोडचा थोडा अंश होता. हक्काचा वाद उपस्थित होताच तो काढून नव्याने लिहावा लागला. स्टॉलमन एमआयटीची नोकरी सोडून बसले होते. ज्यांना इंटरनेटवरून प्रत घेता येत नसे त्यांना ते १५० डॉलरला टेप पाठवीत, आणि त्यावर त्यांचा चरितार्थ चाले. मुक्त सॉफ्टवेअरचा पहिला व्यवसाय हा असा एका एडिटरच्या टेपांचा होता.

१३/
निवडीचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उघडा पडतो. गोसलिंग यांचा ईमॅक्सही चांगला होता, वेगवानही होता. पण तो दुसऱ्याच्या मालकीचा झाला होता. एडिटर उत्तम आहे की नाही यापेक्षा, उद्या यंत्र बदलले तर तो सोबत नेण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे आहे की नाही, हा प्रश्न भारी ठरला. व्हीआयच्या वाट्यालाही हेच आले. जॉय यांनी तो एडच्या कोडवर उभारला होता आणि एडचा कोड एटी अँड टीचा. त्यामुळे तिचा परवाना नसलेल्या यंत्रावर व्हीआय नेणे बेकायदा. तो कोड मोकळा व्हायला २००२ साल उजाडले.

१४/
१९८८ मध्ये नेदरलँड्समधील ब्रॅम मोलेनार यांनी अमिगा संगणक घेतला. रंग, आवाज, चित्रे या बाबतींत ते यंत्र काळाच्या पुढे होते. पण युनिक्सवर ज्याची सवय जडली तो व्हीआय त्यावर नव्हता. अटारी एसटी या संगणकासाठी टिम थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये 'स्टीव्ही' नावाची व्हीआयची मोकळी प्रतिकृती लिहिली होती आणि ती अमिगावरही आणली गेली होती. मोलेनार यांनी तीच घेतली, दोष काढले, भर घातली. नाव ठेवले व्हिम, म्हणजे 'व्हीआयची नक्कल'. नोव्हेंबर १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली, फ्रेड फिश यांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या संग्रहातील ५९१ क्रमांकाच्या फ्लॉपीवरून.

१५/
१९९२ मध्ये व्हिम उलट्या दिशेने प्रवास करून युनिक्सवर आला. नकलेने मूळच्या अंगणात पाऊल ठेवले आणि लवकरच तिच्या नावाचा अर्थ बदलून 'सुधारलेला व्हीआय' असा झाला. १९९४ साली अमिगा बनवणारी कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर व्हीआय म्हणून जे उघडते ते वस्तुतः व्हिम असते.

त्याच १९९४ साली मोलेनार युगांडातील किबाले येथे पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी वर्षभर राहिले. परतल्यावर त्यांनी व्हिमच्या परवान्यातच विनंती घातली: हा एडिटर उपयोगी पडला असेल तर तेथल्या अनाथ मुलांसाठी काही द्यावे.

१६/
डॉसच्या जगात तिसराच प्रवाह वाहत होता आणि तो महाराष्ट्रात थेट पोहोचला. १९७८ सालचा वर्डस्टार हा सीपी/एम प्रणालीवरचा लेखनाचा प्रोग्राम. त्या काळच्या अनेक टर्मिनलांवर बाणांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यात कंट्रोलसोबत अक्षरे दाबून सगळे चाले. लोक सीपी/एमवरून डॉसवर आले तेव्हा बोर्लंडने १९८३ च्या टर्बो पास्कलच्या एडिटरला वर्डस्टारच्याच कळा दिल्या. हात तयारच होते; गिऱ्हाईक शिकवण्याची गरज उरली नाही. त्याच कळा टर्बो सीमध्ये आल्या. पुढे महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो निळा पडदा इतका मुरला, की ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालेनासा झाल्यावर डॉसबॉक्स बसवून, म्हणजे नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे सोंग उभे करून, तो चालवला गेला. कंट्रोल-के आणि बी दाबून मजकुराचा तुकडा निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सत्तरच्या दशकातील टंकलेखकाची खूण वापरतो आहोत याची गंधवार्ताही नसे.

१७/
येथवर लोकांनी एडिटर नव्या यंत्रावर आणला. २००४ मध्ये उलटे घडले. अॅलन ओडगार्ड यांचा 'टेक्स्टमेट' फक्त मॅकवर चाले. त्याच वर्षी आलेल्या रुबी ऑन रेल्स या चौकटीच्या प्रात्यक्षिकांत तोच एडिटर दिसे, आणि तो मिळावा म्हणून विंडोज सोडून मॅक घेणारे प्रोग्रामर निघाले. एडिटरसाठी प्रणाली बदलणे! पण टेक्स्टमेटची दुसरी आवृत्ती वर्षानुवर्षे रखडली आणि लोक पांगले. २०१२ मध्ये त्याचा सोर्स कोड मोकळा करण्यात आला. भाषांच्या व्याकरणाच्या त्याच्या फायली मात्र त्याच्याहून दीर्घायुषी ठरल्या. २००८ चा सब्लाइम टेक्स्ट, मग अॅटम, मग व्हीएस कोड, या सर्वांनी कोड रंगवण्यासाठी तीच पद्धत उचलली.

१८/
अॅटमची कथा अधिक बोचरी. २०१४ मध्ये गिटहबने तो आणला, तीनही प्रमुख प्रणालींवर चालणारा, आतून बाहेरून बदलता येणारा. त्यासाठी बनवलेला सांगाडा 'इलेक्ट्रॉन' या नावाने वेगळा झाला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच सांगाड्यावर व्हीएस कोड उभा केला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतली. १५ डिसेंबर २०२२ रोजी अॅटम बंद झाला. कोड मोकळा होता, परवानाही उदार होता. तरीही बहुतेक वापरणारे निमूटपणे व्हीएस कोडवर गेले. स्टॉलमन आणि मोलेनार यांच्या अनुभवाला येथे एक पुरवणी जोडावी लागते: सोर्स कोड मोकळा असणे आवश्यक खरे, पण तो चालवणारी माणसेही असावी लागतात.

१९/
प्रणाली बदलल्यावर एडिटर कोणता, या प्रश्नाचे व्हीएस कोडने दिलेले उत्तर असे: तोच. विंडोज, मॅक, लिनक्स, कोठेही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के तो वापरत होते. तेथेही पूर्ण सुटका नाहीच. मॅकवर आज्ञांची मुख्य कळ स्पेसबारशेजारी, अंगठ्याखाली. इतर संगणकांवर कंट्रोल कोपऱ्यात, करंगळीखाली. एडिटर तोच राहिला तरी बोट बदलते. आणि त्याचा सोर्स कोड मोकळ्या परवान्याखाली असला, तरी मायक्रोसॉफ्ट जी तयार प्रत वाटते तिचा परवाना निराळा आहे आणि ती वापराची माहिती कंपनीकडे पाठवते. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी त्याच कोडपासून 'व्हीएस कोडियम' बांधला जातो. देवनागरीच्या बाबतीत मात्र व्हीएस कोड उजवा, कारण अक्षरे जुळवण्याचे काम त्याच्या आतील ब्राउझर करतो. ईमॅक्सनेही २०२० च्या २७ व्या आवृत्तीत त्यासाठी हार्फबझ हे ग्रंथालय स्वीकारले.

२०/
जुन्या सवयींचे अवशेष अनपेक्षित जागी सापडतात. मॅकवरच्या साध्या मजकूरचौकटीत कंट्रोल-ए दाबले की कर्सर ओळीच्या आरंभी जातो आणि कंट्रोल-ई दाबले की अखेरीस. या ईमॅक्सच्या कळा, नेक्स्टस्टेपमार्गे आलेल्या. व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या, ईमॅक्सच्या, सब्लाइमच्या, इतकेच काय अॅटमच्याही कळा बसवणारे जोड मिळतात. आणि २०१६ मध्ये अॅपलने मॅकबुक प्रोच्या काही प्रतींवरून एस्केपची खरी कळ काढून तेथे स्पर्शाची पट्टी बसवली, तेव्हा सर्वांत मोठी ओरड झाली ती व्हिम वापरणाऱ्यांची. २०१९ मध्ये कळ परत आली.

२१/
ब्रॅम मोलेनार यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी निधन झाले. तीस वर्षांहून अधिक काळ व्हिममध्ये काय जावे आणि काय जाऊ नये याचा अखेरचा शब्द त्यांचा होता. त्यांच्यामागे सहकाऱ्यांनी काम उचलले आणि २ जानेवारी २०२४ रोजी ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण करून प्रसिद्ध केली. फाइलचे नाव न देता व्हिम उघडला की पडद्याच्या मध्यभागी युगांडातील मुलांना मदत करण्याची विनंती दिसते, आणि जे दाबले की कर्सर खालच्या ओळीवर जातो.